नवरीला विचारलं का?

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना वेळेअभावी राहून गेलेल्या एकदोन गोष्टी लिहिताना जोडल्या आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल. वीस मिनिटं." मी म्हटलं, त्या विषयावर मी आठवड्यातले पाच दिवस ऐकते, सहाव्या दिवशी तरी सुटका करा. "मग कशावर बोलशील?" मी म्हटलं, "स्कॉटलंडमधल्या ठरवून केलेल्या लग्नांवर." फोनवर थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "चालेल. तुला जेवणानंतरचं सत्र देतो." म्हणजे तुम्ही झोपलात तरी कुणाचं नुकसान नाही, अशी सोय त्यांनी आधीच करून ठेवली आहे.

विषय कुठून आला ते आधी सांगते. नववीत आपल्याला वाचनालयाचा एक तास असायचा, आठवतं का? पुस्तकं कमी, मुली जास्त. मराठीच्या बाई दोघींत एक पुस्तक द्यायच्या. मी आणि माझ्या बाकावरची मैत्रीण एकाच ऐतिहासिक कादंबरीत डोकं घालून बसायचो. तिचं पान माझ्याआधी वाचून व्हायचं. ती काही बोलायची नाही, पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून थांबायची. माझं झालं की पान उलटायची. गड, तलवारी, घोडे, वाड्यातली कारस्थानं, आणि कुठल्या तरी तहात देऊन टाकलेली एखादी राजकन्या. त्या वाचनाची मला लागलेली चटक काही सुटली नाही.

पुढे इंजिनिअर झाले, नोकरी लागली. आमच्या कामात रिलीजच्या रात्री असतात. नवी आवृत्ती चढवायची आणि ती नीट चालतेय ना हे बघत पहाटेपर्यंत बसायचं. काम फारसं नसतं, पण झोपताही येत नाही. अशाच एका रात्री कुणीतरी ऑफिसात विसरून गेलेली एक स्कॉटिश ऐतिहासिक प्रेमकथा हाताला लागली. मुखपृष्ठावर उघड्या छातीचा, चौकड्यांचा घागरा नेसलेला, लांब केसांचा गडी. सासूबाई अजूनही माझी असली पुस्तकं दिसली की पालथी करून ठेवतात.

या कादंबऱ्यांचा साचा ठरलेला असतो. दोन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. राजा किंवा सरदार हुकूम काढतो, पुरे झालं, तुमची मुलगी त्यांच्या मुलाला द्या. नवरी अनोळखी किल्ल्यावर येते. जाऊ नसली तरी स्वयंपाकघरातली म्हातारी असते, तीच तिथली खरी सत्ता. जवळच्या तळ्यात पाण्यातला घोडा राहतो, टेकडीखाली पऱ्यांची वस्ती असते, एखादी भविष्यवाणी असते. नवरा रागीट, पण आतून बरा. आणि साधारण शंभराव्या पानाच्या आसपास तो तिला पहिल्यांदा काहीतरी विचारतो. "तुला काय हवंय?" एवढंच. तिथून गोष्ट खरी सुरू होते. मी अशी बरीच पुस्तकं वाचली आहेत आणि माझ्या लक्षात आलं की मी लग्नाच्या प्रसंगासाठी वाचतच नाही, या एका प्रश्नासाठी वाचते.

यातलं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक म्हणजे डायना गॅबल्डन यांचं 'आउटलँडर', १९९१ सालचं. तुमच्यापैकी काहींनी त्यावरची मालिका पाहिली असेल. दुसऱ्या महायुद्धातली एक नर्स उभ्या दगडांच्या वर्तुळातून १७४३ सालात जाऊन पडते, आणि इंग्रज कॅप्टनच्या तावडीतून वाचवण्यासाठी तिचं एका स्कॉटिश तरुणाशी लग्न लावतात. लग्न ठरवतो मुलाचा मामा, आणि करारपत्र घेऊन येतो चक्क वकील. गॅबल्डनबाईंबद्दल मला विशेष ममत्व आहे. त्या मूळच्या विज्ञानाच्या, प्राणिशास्त्र आणि परिसर्गशास्त्र शिकलेल्या. वैज्ञानिक सॉफ्टवेअरवरचं एक त्रैमासिक त्यांनी सुरू केलं होतं. आणि हे पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा त्यांनी स्कॉटलंड पाहिलंही नव्हतं. म्हणजे सॉफ्टवेअरवालीने स्कॉटलंडवर बोलायची प्रथा मी पाडलेली नाही.

आता माझी सवय अशी की प्रोग्रामने काही उत्तर दिलं की ते आलं कुठून हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तसं या कादंबऱ्यांच्या मागे जाऊन बघितलं. खरोखर अशी लग्नं होत होती का? होत होती. आणि खरी लग्नं कादंबरीतल्यांपेक्षा विचित्र होती. त्यातली तीन सांगते.

पहिलं लग्न म्युरिएलचं. स्कॉटलंडच्या उत्तरेला कॉडर नावाचा किल्ला आहे. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मुळे हे नाव सगळ्यांना माहीत, पण खरा मॅकबेथ अकराव्या शतकातला आणि हा किल्ला त्यानंतर काही शतकांनी बांधलेला. किल्ल्याची दंतकथा अशी की धन्याला स्वप्न पडलं, गाढवावर सोन्याची पेटी लाद, त्याला मोकळं सोड, संध्याकाळी ते ज्या झाडाखाली बसेल तिथे किल्ला बांध. ते झाड आजही किल्ल्याच्या तळघरात उभं आहे, वाळलेलं. ते काटेरी हॉथॉर्न आहे असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा ते हॉली निघालं, आणि साधारण १३७२ साली मेलेलं. म्हणजे दंतकथेने झाडाची जात चुकवली, पण झाड खरं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या घराण्याचा धनी १४९८ साली वारला आणि त्याच्यामागे जन्मली ती एकच मुलगी, म्युरिएल, लाल केसांची. सगळी जमीन तिच्या नावावर. तेव्हाचा कायदा असा होता की राजाकडून थेट जमीन धारण करणारा माणूस अज्ञान वारस मागे ठेवून मेला, तर त्या वारसाचं पालकत्व आणि त्याचं लग्न ठरवण्याचा हक्क राजाकडे जाई. राजा तो हक्क कुणालाही देऊ शके, विकूही शके. म्हणजे मुलगी घरी पाळण्यात आणि तिच्या लग्नाचा हक्क बाजारात. म्युरिएलचा हक्क गेला अर्गाइलच्या अर्लकडे, म्हणजे कॅम्पबेल घराण्याकडे.

१४९९च्या शरद ऋतूत कॅम्पबेलांनी साठ माणसं पाठवून तिला उचललं. वर्षाचीच होती. इथून पुढे दंतकथा सुरू होते. मुलगी नेणार हे कळल्यावर घरच्या बायकांनी काय केलं? लोखंडी किल्ली तापवून तिच्या मांडीवर डाग दिला, आणि तिच्या दाईने तिच्या करंगळीचं एक पेर दातांनी तोडलं. का? उद्या दुसरीच मुलगी 'हीच म्युरिएल' म्हणून पुढे आणली तर ओळखता यावी म्हणून. आम्ही डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला एक न बदलणारी खूण देतो, तिलाही किल्लीच म्हणतो. पण ही गोष्ट वाचल्यापासून तो शब्द टाइप करताना मला कधी कधी थांबायला होतं.

तिच्या काकांनी पाठलाग केला. कॅम्पबेलांच्या बाजूने इन्व्हरलिव्हरचा सरदार लढला आणि त्याचे सात मुलगे त्यात पडले, अशी कथा आहे. कुणीतरी त्याला विचारलं, एवढं करून ही पोर मोठी व्हायच्या आधीच मेली तर? त्याचं उत्तर असं सांगतात की लॉख ऑच्या काठावर एक जरी लाल केसांची मुलगी शिल्लक असेल, तोवर म्युरिएल मरणार नाही. लॉख ऑ म्हणजे कॅम्पबेलांच्या मुलखातलं मोठं तळं. उत्तराचा अर्थ कळला ना? आम्हाला ही मुलगी नको आहे, तिच्या जागेवर कुणीतरी हवं आहे. दाईला हे बरोबर माहीत होतं, म्हणूनच तिने करंगळी तोडली.

१५१० साली, बारा वर्षांची असताना, म्युरिएलचं लग्न अर्लच्या मुलाशी, सर जॉन कॅम्पबेलशी झालं. मुलीसाठी बारा हे तेव्हा कायदेशीर वय होतं. घराण्याच्या परंपरेत म्हणतात की संसार सुखाचा झाला. ती नवऱ्याच्या मागेही बरीच वर्षं जगली, १५७५च्या सुमारास वारली. किल्ला आजही त्याच घराण्यात आहे. सुखाचा संसार झाला असेलही. पण हे कुणी लिहिलं? ज्यांनी तिला उचललं, त्यांच्या घरात राहिलेली ही आठवण आहे. आमच्याकडे सर्व्हरने स्वतःच लिहून ठेवलं की 'सगळं ठीक आहे', तर आम्ही त्यावर विश्वास ठेवत नाही. बाहेरून तपासतो. म्युरिएलला कुणी बाहेरून विचारलेलं नाही.

दुसरं लग्न. याच सर जॉनची बहीण. भावाची बायको अशी उचलून आणलेली, तर बहीण शांततेसाठी दिलेली. ड्यूअर्टच्या मॅक्लीन घराण्याच्या प्रमुखाला, लॅक्लनला. काही ठिकाणी तिचं नाव कॅथरीन सापडतं, काही ठिकाणी एलिझाबेथ. नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, भावाचं नाव पक्कं आहे, फक्त तिच्याच नावावर एकमत नाही. कथा अशी की लॅक्लनला ती नकोशी झाली. मल आणि लिझमोर या बेटांच्या मधे एक खडक आहे, भरतीला पाण्याखाली जाणारा. ओहोटीला त्याने तिला तिथे नेऊन सोडलं. जाणाऱ्या कोळ्यांना ती दिसली, त्यांनी तिला माहेरी पोचवलं. काही दिवसांनी नवरा शोक करत सासुरवाडीला आला, तर ती जेवणाच्या मेजावर बसलेली. तेव्हा त्याला कुणी काही केलं नाही. पुढे १५२३ साली एडिनबर्गमध्ये सर जॉन कॅम्पबेलने त्याला मारलं, ही मात्र इतिहासातली नोंद आहे. त्या खडकाला आजही लेडीज रॉक म्हणतात, मल बेटावर जाणाऱ्या बोटीतून दिसतो.

या गोष्टीवर जोआना बेली नावाच्या स्कॉटिश लेखिकेने नाटक लिहिलं, 'द फॅमिली लेजंड'. १८१० साली ते एडिनबर्गच्या रंगभूमीवर आलं, वॉल्टर स्कॉटने त्यासाठी बरीच खटपट केली. नाटकात नवरीला हेलन असं नाव आहे आणि बोलायला संवाद आहेत. तीनशे वर्षांनी का होईना, तिला बोलायला कुणीतरी जागा दिली, तीही एका बाईने.

तिसरं लग्न स्काय बेटावरचं. डनव्हेगनच्या मॅक्लाउडांची मार्गारेट, स्लेटच्या मॅक्डोनल्डांच्या डोनाल्ड गॉर्मला दिली. सांगतात की ते लग्न वर्ष आणि एक दिवसाच्या बोलीवरचं होतं. पटलं तर पुढे, नाही तर परत. त्या काळात तिचा एक डोळा गेला. मुदत संपल्यावर त्याने तिला परत पाठवलं. एकाक्ष घोड्यावर बसवून, घोडा धरायला एकाक्ष नोकर, मागे एकाक्ष कुत्रा. या अपमानावरून जी लढाई पेटली तिचा शेवट १६०१ साली कूलिन डोंगरांत झाला. लोक तिला एका डोळ्याच्या बाईचं युद्ध म्हणतात. माणसं मेली, गुरं पळवली, शेतं उजाडली. भावाचा अपमान भरून निघाला. मार्गारेटचं पुढे काय झालं ते कथा सांगत नाही. तिच्या नावाचं युद्ध, आणि त्यात तिलाच काम नाही.

अशा मुदतीच्या लग्नांवर १६०९ साली आयोना बेटावर झालेल्या करारांत बंदी आली. हात धरून केलेलं वर्षभराचं 'कच्चं' लग्न कादंबऱ्यांत फार लोकप्रिय आहे. अलीकडच्या इतिहासकारांचं म्हणणं असं की बहुतेक ठिकाणी हा नुसता साखरपुडा होता, प्रवासवर्णनांनी आणि कादंबऱ्यांनी त्याला चढवून ठेवलं. पुन्हा तेच, झाड खरं आणि जात चुकलेली.

आता गंमत ऐका. या सगळ्या काळात धर्माचा कायदा काय म्हणत होता? लग्न होतं ते दोघांच्या संमतीने. बाराव्या शतकापासून हा नियम होता. स्कॉटलंडमध्ये तर साक्षीदारांसमोर दोघांनी 'आम्ही नवराबायको' म्हटलं तरी लग्न झालं, ही सोय १९४० सालापर्यंत होती. म्हणून तर १७५४ नंतर इंग्लंडमधली पळून जाणारी जोडपी सीमा ओलांडून ग्रेटना ग्रीनला यायची. म्हणजे कागदावर संमती सगळ्यांत मोठी. अंमलात मात्र संमती म्हणजे बारा वर्षांच्या मुलीने मोठ्या माणसांनी भरलेल्या खोलीत मान हलवणं. आपल्याकडे पूर्वी मुलगी मान खाली घालून गप्प बसली की 'पसंत आहे' म्हणायचे, त्याच जातीचं.

मग नवरीच्या मनातलं गेलं कुठे? मला वाटतं ते लोककथांत गेलं. ऑर्कनी बेटांवरची सेल्कीची गोष्ट बघा. सेल्की म्हणजे सील. त्या किनाऱ्यावर येतात, कातडी काढून ठेवतात आणि बायका होतात. लग्नाला नाकं मुरडणारा एक शेतकरी एकीची कातडी लपवतो. कातडीशिवाय तिला समुद्रात जाता येत नाही, म्हणून ती त्याच्याशी लग्न करते. सात मुलं होतात. ती चांगली गृहिणी असते, हसते, शिवते, शिकवते. आणि घरी कुणी नसलं की घरभर शोधते. एके दिवशी धाकटी मुलगी सहज सांगून जाते, बाबांनी एकदा वळचणीतून काढलेली कातडी बघितली होती म्हणून. आई कातडी घेते आणि निघते. वाटेत नवऱ्याची होडी भेटते. ती त्याला सांगते की तू वाईट नव्हतास, पण माझा समुद्रातला नवरा मला जास्त आवडायचा.

ऑर्कनीतल्या किती स्वयंपाकघरांत, किती जणींनी लोकर पिंजताना ही गोष्ट मुलींना सांगितली असेल. करारपत्रात गुरं किती आणि जमीन किती ते लिहायचे. तिकडे हुंड्याला टॉखर म्हणत आणि डोंगराळ मुलखात तो गुरांतही मोजत. पण "तू वाईट नव्हतास, तरी मी शोधत होते" हे लिहायला करारपत्रात रकाना नव्हता. ते सीलच्या कातडीत लिहून ठेवलं.

आणि आजच्या त्या उघड्या छातीच्या पुस्तकांत? तिथे नवरा कातडी शोधून स्वतःच परत देतो, आणि मग विचारतो, राहतेस का? माझ्या मते त्या पुस्तकांचं सगळं रहस्य एवढंच आहे. लोक हसतात, स्वप्नरंजन म्हणतात. असू दे. स्वप्न कशाचं बघतात तेवढं बघा. राजवाड्याचं नाही. कुणीतरी विचारावं, याचं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. तर दोन तारखा सांगते. मुलीचं लग्नाचं वय बारा हे स्कॉटलंडमध्ये कधीपर्यंत होतं? १९२९पर्यंत. त्या वर्षी ब्रिटनच्या पार्लमेंटने ते सोळा केलं. आणि आपल्याकडचा शारदा कायदा, मुलीसाठी चौदा वर्षांचा? तोही १९२९चाच. म्युरिएलच्या लग्नाचं वय आणि आपल्या पणज्यांच्या लग्नाचं वय एकाच वर्षीच्या कायद्यांनी बेकायदा ठरलं.

दुसरी गोष्ट रखमाबाईंची. अकराव्या वर्षी लग्न झालं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ साली निकाल आला, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्यांत मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची होत्या. या पीची म्हणजे १८६९ साली एडिनबर्ग विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळवलेल्या पहिल्या सात बायकांपैकी एक. विद्यापीठाने त्यांना त्या हयात असेपर्यंत पदवी दिली नाही, ती त्यांनी दुसरीकडून मिळवली. लहानपणी लावलेलं लग्न मला विचारून झालेलं नाही, हे भर कोर्टात सांगणारी बाई आपल्या मुंबईत होऊन गेली, आणि तिला हात द्यायला स्कॉटलंडमध्ये दार बंद झालेली बाई आली.

आता ज्यासाठी मी हा विषय मागून घेतला, ते सांगते.

माझ्या बाकावरच्या त्या मैत्रिणीचं नववीच्या परीक्षेनंतर मे महिन्यात लग्न झालं. आमच्या वर्गातल्यांना माहीत आहे. पंधरा वर्षांची होती. तेव्हा कायद्याने वय अठरा होतं. कायदा होता आणि आम्हीही होतो, जेवायला. मी स्टीलचा डबा दिला, त्यावर माझं नाव घालून आणलं होतं. जिलबी चांगली होती हे मला आठवतं. तिच्याशी काय बोलले ते आठवत नाही, कारण काही बोललेच नाही. आपल्या वर्गशिक्षकांनी तेव्हा तिच्या घरी जाऊन तिच्या वडिलांना समजावलं होतं, हे मला गेल्याच महिन्यात कळलं. त्यांना चहा दिला आणि निरोप दिला. सर आज इथे बसले आहेत. सर, निदान तुम्ही गेला होतात.

नववीपर्यंत वर्गात तिचा पहिला नंबर आणि माझा दुसरा. दहावीला मी शाळेत पहिली आले. कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर १९९६ सालासमोर माझं नाव आहे. सकाळी बऱ्याच जणांनी मला तिथे उभं करून फोटो काढले. तो फळा खोटं बोलत नाही. पण सरांच्या त्या खेपेसारखं बरंच काही त्यावर नाही.

हे भाषण लिहायच्या आधी मी तिला फोन केला. म्हटलं, तुझ्याबद्दल बोलू का? ती म्हणाली, "नाव घेऊ नकोस. गोष्ट सांग." मग मी तिला तीस वर्षं उशिराने विचारलं, तुला तेव्हा कुणी विचारलं होतं का? ती जरा थांबली आणि म्हणाली, "विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं गं. बाबांचं तोंड बघून हो म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं."

मी म्हटलं, आता तरी सुखात आहेस ना? तर म्हणाली, "हे बघ, मी सुखात आहे असं तिथे सांगू नकोस. दुःखात आहे असंही सांगू नकोस. ते सांगायचं झालं तर मी सांगेन." कॉडरच्या किल्ल्यातल्या त्या एका वाक्याला, संसार सुखाचा झाला या वाक्याला, याहून नेमकं उत्तर मला सुचलं नसतं.

एक गोष्ट मात्र सांगायची तिने परवानगी दिली आहे. तिची मुलगी दहावीला होती त्या वर्षी तिने स्वतः १७ नंबरचा फॉर्म भरला आणि मुलीबरोबर दहावी दिली. गणितात तिला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले. पेपर वेगळे होते, अशी मी स्वतःची समजूत घालते.

आपण माजी विद्यार्थ्यांचा निधी जमवतोय. पाण्याचा कूलर, बाकं, ई-लर्निंगचा संच, यादी चांगली आहे. त्यात माझी एक भर. जूनमध्ये शाळा सुरू झाली की आठवी-नववी पास होऊन वर्गात परत न आलेल्या मुलींची यादी शाळेकडे असतेच, तिला गळती म्हणतात. गावात राहणाऱ्या आपल्यापैकी दोघांनी वर्गशिक्षकांबरोबर त्या प्रत्येक घरी जायचं. सरांना तेव्हा एकट्याने जावं लागलं. तिघं गेले तर नुसत्या चहावर परत पाठवणं अवघड जातं. आणि बोलायचं ते फक्त वडिलांशी नाही. मुलीशी बोलायचं, तिला एकटीला, तिच्या आईच्या परवानगीने. लग्न ठरल्याचं कळलं तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आहेत, १०९८ हा नंबर आहे, वापरायचा. आणि जिची शाळा सुटलीच, तिच्या १७ नंबरच्या फॉर्मचा, पुस्तकांचा खर्च निधीतून. त्यासाठी माझी पहिली वर्गणी मी संयोजकांकडे दिली आहे.

मी स्वतः कांदेपोह्यांचाच कार्यक्रम होऊन लग्न केलेली आहे, त्यामुळे ठरवून केलेल्या लग्नाविरुद्ध मी बोलते आहे असं कुणी समजू नये. मुलगा बघून गेल्यावर रात्री माझे वडील माझ्या खोलीत आले, दिवा न लावता कॉटच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मी त्यांना अजून काही कळवलेलं नाही. तू सांगशील तसं कळवतो." मी दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत घरात कुणीही तो विषय काढला नाही. माझं आणि माझ्या मैत्रिणीचं नशीब जिथे वेगळं झालं ती जागा एवढीच आहे. हुशारी नाही, कारण हुशार ती जास्त होती.

आज ती इथे आली आहे. कुठे बसली आहे ते सांगत नाही, आमच्या वर्गाला माहीत आहे. मघाशी जेवताना मी तिला म्युरिएलची गोष्ट सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "त्या दाईचं पुढे काय झालं?" एवढं वाचलं मी, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. अजूनही तिचं पान माझ्याआधी वाचून होतं.

माझी वीस मिनिटं संपली.